नळाला अर्थिंग बांधलंय, चालेल का?

पाऊस सुरू झाला की या सदराकडे विजेचे प्रश्न वाढतात आणि त्यातले बरेचसे फिरून फिरून न्हाणीघरातच येऊन थांबतात. या वेळी ते सगळे एकत्र घेतलेत. पत्रं थोडी छाटलीत, नावं काढलीत, गाव मात्र ठेवलंय, कारण घराखाली जांभा आहे की पुळण (वाळू) की खाजण (खाडीकाठची खारी दलदल) यावर उत्तर बदलतं.

प्रश्न (गुहागर) : आमचं घर जुनं, जांभ्या दगडाचं. विहिरीवर पंप आहे, तिथून जीआयची (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी पाइपाची) लाइन घरात येते आणि न्हाणीघर, स्वयंपाकघर, मागची पडवी सगळीकडे तीच फिरवलेली आहे. गीझर बसवला तेव्हा वायरमनने गीझरची हिरवी वायर नळाच्या पाइपाला गुंडाळली आणि म्हणाला, वहिनी, पाइप जमिनीत जातोय, झाली अर्थिंग. बरेच दिवस काही त्रास नव्हता. मध्ये पाइप गळायला लागला म्हणून प्लंबरने विहिरीकडचा लांब तुकडा काढून काळा प्लॅस्टिकचा पाइप टाकला. आता गीझर चालू असताना नळाला ओला हात लावला की झिणझिण्या येतात. सासूबाई म्हणतात नळ चावतो. मिस्टर म्हणतात थोडाच लागतो, एवढं काही नाही. खरंच काही नाही का?

उत्तर : ताई, पुढचं वाचायच्या आधी उठा आणि गीझरचा एमसीबी (बोर्डातला, करंट फार वाढला की आपोआप पडणारा स्विच) खाली करा, नुसतं बटण बंद नको, एमसीबीच खाली, आणि दुरुस्ती होईपर्यंत पाणी चुलीवर किंवा गॅसवर तापवा. सासूबाई म्हणतायत ते अगदी बरोबर आहे आणि ‘थोडाच लागतो’ हे वाक्य मला फार घाबरवतं. विजेचा झटका किती व्होल्टचा यापेक्षा अंगातून किती करंट गेला यावर सगळं ठरतं. अर्धा मिलिअँपिअरच्या आसपास गेला की मुंग्या जाणवतात, दहाच्या आसपास गेला की हाताचे स्नायू आवळतात आणि धरलेला नळ सोडवत नाही, तीसच्या वर गेला आणि थोडा वेळ जात राहिला तर हृदयाचा ठोका बिघडू शकतो. आज तुम्हाला मुंग्या येतायत याचा अर्थ गळती लहान आहे एवढाच. ती लहानच राहील असं कोणी सांगितलंय? ओल्या अंगाचा, अनवाणी माणसाचा विरोध साधारण हजार ओहम धरतात, कधी त्याहून कमी, म्हणजे नळावर पूर्ण २३० व्होल्ट आले तर २३० मिलिअँपिअर अंगातून जाणार. मुंग्यांपासून तिथपर्यंतचं अंतर फार नाही, गीझरच्या कॉइलला एक चीर पडली की झालं.

आता तुमच्याकडे नेमकं काय झालंय ते बघू. गीझरच्या कॉइलवर धातूचं आवरण असतं, आत तार आणि मध्ये पांढरी भुकटी. पाणी जड असलं, नाहीतर उन्हाळ्यात विहिरीला खारटपणा आला, की आवरणावर क्षार बसतात, मग ते जागोजाग फुगतं, बारीक छिद्रं पडतात आणि भुकटीत ओल जाते. तिथून वीज टाकीच्या अंगात झिरपायला लागते. हिरवी वायर नीट जमिनीपर्यंत पोचत असती तर ही वीज तिकडे निघून गेली असती. तुमची हिरवी वायर पाइपाला बांधलीय. आधी पाइप जीआयचा होता, जमिनीतून जात होता, विहिरीच्या पाण्यात बुडलेला होता, म्हणून कशीबशी का होईना वाट होती. प्लंबरने प्लॅस्टिकचा तुकडा टाकला त्या दिवशी ती वाट तुटली. प्लंबरला दोष नाही हो, त्याला कोण सांगणार होतं की हा पाइप पाण्याबरोबर आणखी एक काम करतोय म्हणून. आता तुमच्या घरातले सगळे लोखंडी पाइप आणि गीझर मिळून एक सुटं बेट झालंय, जमिनीशी संबंध नाही, आणि गीझरमधून जे झिरपेल ते न्हाणीघराच्या नळावर, स्वयंपाकघराच्या नळावर, पडवीतल्या सिंकवर एकदम येणार. म्हणजे गीझर न्हाणीघरात आणि शॉक भांडी घासणारीला, असंही होऊ शकतं.

पाणी स्वतः वीज नेतं ना, मग प्लॅस्टिकमधल्या पाण्यातून नाही का जाणार, असं काही जण विचारतात. जातं, पण नगण्य. अर्धा इंची पाइपातल्या एक मीटर गोड्या पाण्याचा विरोध लाखभर ओहम येतो. पाणी खारट असेल तर तो बराच कमी होतो, तरी त्याला अर्थिंग म्हणता येत नाही.

म्हणून आपल्या अर्थिंगच्या मानकात, आयएस ३०४३ मध्ये (१९८७ ची आवृत्ती बरीच वर्षं चालली, २०१८ मध्ये सुधारली), पाण्याचा पाइप घराची अर्थ म्हणून वापरायचा नाही असंच धरलंय. पाइप कोणीही, कधीही, तुम्हाला न विचारता बदलू शकतो. गॅसच्या पाइपाबद्दल तर बोलायलाच नको.

पण मग पाइपाला वायर जोडायचीच नाही का? जोडायची! इथेच सगळा घोळ होतो, कारण बाहेरून दोन्ही कामं सारखीच दिसतात, हिरवी वायर आणि पाइप. अर्थिंग म्हणजे गीझर, पंप, फ्रिज, मिक्सर यांच्या अंगातून निघालेली वायर सॉकेटच्या मोठ्या पिनमधून बोर्डात, बोर्डातून बाहेरच्या खड्ड्यात पुरलेल्या पाइपापर्यंत अखंड नेणं. बाँडिंग म्हणजे घरात बाहेरून येणारे धातूचे पाइप त्याच अर्थच्या पट्टीला वेगळ्या वायरने जोडणं, म्हणजे बिघाड झालाच तर गीझरचं अंग, नळ, पंपाचा पाइप यांच्यात व्होल्टेजचा फरक फारसा राहणार नाही. एका हाताने नळ धरलाय, दुसरा हात गीझरच्या अंगाला लागलाय, दोन्ही एकाच पातळीवर असतील तर अंगातून करंट जायला कारणच उरत नाही. तुमच्या वायरमनने बाँडिंगसारखं दिसणारं काहीतरी केलं आणि त्याला अर्थिंग म्हटलं, आणि खरी अर्थिंग घरात नाहीच.

तर करायचं असं. गीझरच्या सॉकेटपासून बोर्डापर्यंत स्वतंत्र अर्थ वायर ओढून घ्या, बोर्डापासून अर्थच्या खड्ड्यापर्यंत जाड वायर. खड्डा नसेल तर करायचा, तो कुठे करायचा ते खाली देवगडच्या पत्रात येतंय. मग पाइप घरात शिरतो तिथे, भिंतीच्या जवळ, क्लॅम्प लावून तिथून बोर्डातल्या अर्थ पट्टीला ६ चौरस मिलिमीटरची तांब्याची हिरवी-पिवळी वायर. त्या क्लॅम्पकडे मात्र स्वतः उभं राहून बघा. पाइपावरचा रंग आणि गंज पॉलिश पेपरने घासून धातू चकचकीत दिसला पाहिजे, मग क्लॅम्प पूर्ण वेढा घालून नटबोल्टने आवळलेला, वायरच्या टोकाला कथिलाचा मुलामा दिलेला लग दाबून बसवलेला, आणि वरून ग्रीस. उघडी तांब्याची तार जीआय पाइपाला पिळून बांधली तर आपल्या खाऱ्या हवेत दोन धातू एकमेकांना खातात, दोन पावसाळ्यात हिरवी-पांढरी भुकटी होते आणि वायर जागेवर दिसते पण जोड मेलेला असतो. जमल्यास तिथे ‘ही वायर काढू नये’ अशी पाटी अडकवा, पुढच्या प्लंबरसाठी. मधला प्लॅस्टिकचा तुकडा राहू दे, त्याने आता नुकसान नाही.

पंपाची अर्थ वायरही बघून घ्या, बऱ्याच विहिरींवर ती नसतेच. आणि कॉइल बदला. या सगळ्यावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) बसवा, त्याशिवाय हे काम अर्धं. तो का, ते लगेच पुढे.

प्रश्न (देवगड) : घर सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या माळावर आहे, खाली सगळा जांभा. ब्रेकर लावून कसाबसा खड्डा पाडला, कोळसा-मीठ घालून जीआय पाइप पुरला. वायरमनने शंभरचा बल्ब फेज आणि अर्थमध्ये लावून दाखवला, मस्त पेटला, म्हणाला अर्थिंग एक नंबर. तरी मागच्या महिन्यात मिक्सरच्या अंगात करंट आला, एमसीबी पडला नाही. मीठ अजून घालू का?

उत्तर : दादा, मिठाने हा प्रश्न सुटणार नाही, आणि बल्बने तुम्हाला फसवलंय. शंभर वॉटचा बल्ब अर्धा अँपिअरसुद्धा घेत नाही. त्याचा स्वतःचा विरोध ५२९ ओहम. तुमच्या खड्ड्याचा विरोध शंभर ओहम असला, म्हणजे चांगला वाईट असला, तरी बल्बला १९३ व्होल्ट मिळणार आणि तो बऱ्यापैकी पेटणार. डोळ्याला फरक कळत नाही. बल्ब पेटला याचा अर्थ वायर तुटलेली नाही, बाकी काही नाही. खड्डा खरा मोजायचा तर अर्थ टेस्टर लागतो, त्याच्याबरोबर दोन खुंटे येतात, ते लांब लांब जमिनीत ठोकून मोजतात. तालुक्याच्या गावी लायसन असलेल्या कंत्राटदाराकडे हा टेस्टर असतो, त्याला बोलवा आणि मोजणी एप्रिल-मे मध्ये करा. जुलैत मोजलेला आकडा कामाचा नाही, तेव्हा जांभा भिजलेला असतो, तो स्पंजासारखा सच्छिद्र, पाऊस पितो आणि तेवढाच पटकन सोडून देतो.

आता एमसीबी का नाही पडला ते बघा. गावाकडे पोलवरून घरात दोनच तारा येतात, फेज आणि न्यूट्रल. अर्थ आपली आपण. म्हणजे मिक्सरच्या अंगात फेज लागला तर करंट तुमच्या वायरने तुमच्या खड्ड्यात, तिथून जमिनीतून ट्रान्सफॉर्मरच्या खड्ड्यापर्यंत आणि तिथून परत न्यूट्रलला, असा फिरतो. समजा तुमचा खड्डा २० ओहमचा, आणि सड्यावर २० म्हणजे छान म्हणायचं, ट्रान्सफॉर्मरचा ५. एकूण २५. मग २३० भागिले २५, करंट ९.२ अँपिअर. सोळा अँपिअरच्या एमसीबीला हा करंट रोजचाच, तो पडणार नाही, कधीच नाही. झटक्यात पडायला सी टाइपच्या एमसीबीला त्याच्यावर लिहिलेल्या आकड्याच्या पाच ते दहा पट करंट लागतो, म्हणजे ८० ते १६० अँपिअर. आणि तोवर मिक्सरच्या अंगावर व्होल्टेज किती? ९.२ गुणिले २०, म्हणजे १८४. अर्थिंग आहे, वायर जागेवर आहे, कुठे काही तुटलेलं नाही, आणि मिक्सरवर १८४ व्होल्ट उभे आहेत! आपल्या भागात बहुतेक घरांची हीच स्थिती आहे आणि मला राग याचा येतो की खड्ड्यावर दहा-बारा हजार खर्च केलेल्या माणसाला हे कोणी सांगत नाही.

याच्यावर उपाय आरसीसीबी. तो फेजमधून गेलेला करंट आणि न्यूट्रलमधून परत आलेला करंट यांची तुलना करत बसतो, फरक ३० मिलिअँपिअर झाला की पाडतो, खरं तर त्याच्या थोडा आधीच. वरच्या उदाहरणात फरक ९.२ अँपिअरचा आहे, म्हणजे तो डोळ्याचं पातं लवायच्या आत पडणार. तुमचा खड्डा शंभर ओहमचा असला तरी सव्वादोन अँपिअर जातात, तरी पडणार. म्हणून सड्यावरच्या घरात माझा सल्ला असा की खड्डा शंभरच्या खाली आणा, वीस-तीस मिळाला तर उत्तमच, पण पाच ओहमच्या हट्टापायी आणखी ब्रेकर लावण्यापेक्षा ते पैसे आरसीसीबीत घाला. घेताना ३० मिलिअँपिअर लिहिलेलं बघून घ्या, दुकानात १०० आणि ३०० वाले पण मिळतात, ते माणसाच्या बचावासाठी नाहीत.

म्हणून अर्थिंगची गरज संपली असं नाही हं. अर्थिंग नसताना आरसीसीबी कधी पडतो, तर कोणाचा तरी हात लागल्यावर. अर्थिंग असताना तो बिघाड झाला त्याच क्षणी पडतो, कोणी जवळ नसताना. आणि फेज व न्यूट्रल दोन्ही हातात धरले तर त्याला काही कळत नाही, तेवढी मर्यादा लक्षात ठेवा.

मिठाबद्दल सांगायचं तर आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, मीठ दोन-तीन पावसाळ्यात धुऊन जातं आणि राहतं तोवर जीआयला कुरतडतं. विहीर जवळ असेल तर आणखी वाईट. त्यापेक्षा बेंटोनाइट घाला, ती माती ओल धरून ठेवते. आणि खड्ड्याची जागा! सगळे जण मीटरच्या जवळ म्हणून अंगणाच्या कोपऱ्यात पाडतात, जिथे ऊन सगळ्यात जास्त. कोकणातल्या घरांना एक फायदा आहे, न्हाणीचं पाणी पन्हळीने मागच्या केळीच्या नाहीतर माडाच्या आळ्यात जातं, अळू तिथे बारमाही हिरवं असतं. खड्डा तिथे घ्या, भिंतीपासून निदान दीड मीटर सोडून. जागा मऊ, मे महिन्यातही ओलसर, आणि वायर थोडी लांब न्यावी लागली तरी परवडते. एका इलेक्ट्रोडने, म्हणजे पुरलेल्या पाइपाने, भागत नसेल तर दुसरा, पहिल्यापासून निदान त्याच्या लांबीइतका दूर, अडीच मीटरचा पाइप असेल तर अडीच-तीन मीटरवर. अगदी शेजारी शेजारी पुरले तर दुसऱ्याचा फारसा उपयोग होत नाही. खाडीकाठी किंवा पुळणीत राहणाऱ्यांचं उलट असतं, तिथे खारट ओलीमुळे विरोध झकास कमी येतो पण जीआय लवकर सडतो, त्यांनी तांब्याचा थर दिलेला रॉड घ्यावा.

प्रश्न (डोंबिवली, मूळ गाव संगमेश्वर तालुका) : आम्ही चाकरमानी. गावचं घर वर्षभर बंद, गणपतीला आणि मे महिन्यात उघडतं. मागच्या गणपतीत चुलतभावाला मोटरच्या पेटीला हात लावून शॉक बसला. गावचा वायरमन म्हणतो सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थ लूप करून देतो, मग अर्थिंगचा खड्डा लागणार नाही. करू का?

उत्तर : नाही. अजिबात नाही. सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थ जोडणं म्हणजे घरातल्या प्रत्येक वस्तूचं अंग पोलवरच्या न्यूट्रलच्या भरवशावर सोडणं. तो न्यूट्रल तुटला, सैल झाला, किंवा कोणी पोलवर फेज-न्यूट्रल उलटसुलट जोडले, की फ्रिजचं दार, मोटरची पेटी, गीझर, सगळ्यावर फेज येतो, वस्तू चांगली असताना. आणि न्यूट्रल तुटणं आपल्याकडे नवलाचं नाही. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, पुढच्या वर्षी मे मध्ये तौक्ते किनाऱ्याला घासून गेलं, तेव्हा माड-आंबे पडून तारा किती लोळल्या ते तुम्ही बघितलंय. त्याला वादळच लागतं असंही नाही, एक फांदी पुरते. वायरमनला सांगा खड्डा कर, लूप नको, आणि आधीच केलेला असेल तर तोडून घे.

बंद घराचं म्हणाल तर गणपतीला पोचल्या पोचल्या मेन चालू करू नका. आधी बोर्ड उघडून आत बघा, मुंग्यांची माती, पाली, उंदराने खाल्लेली वायर. कौलातून गळून भिंतीला ओल उतरली असेल तर त्या भिंतीवरचं सर्किट बंद ठेवा. बाहेर खड्ड्याकडे जाऊन अर्थ वायरचा जोड हाताने हलवून बघा (मेन बंद असताना), बऱ्याचदा तो नटच गंजून सुटलेला सापडतो. खड्ड्यात दोन-चार बादल्या पाणी ओता, भर भाद्रपदात लागणार नाही पण मे मध्ये आलात तर नक्की. मग मेन, मग आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबा, पडला तर पुढे एकेक सर्किट. टेस्ट बटण दाबल्यावर पडला याचा अर्थ आरसीसीबी ठीक, अर्थिंग ठीक असं नाही, ते बटण अर्थ नसलेल्या घरातही चालतं.

आणि मखराच्या माळा. लोखंडी स्टँडवर, ओल्या फुलांच्या शेजारी, दोन पिनची स्वस्त माळ आणि खाली एक्स्टेन्शन बोर्ड, त्याची तिसरी पिन तोडलेली कारण सॉकेटमध्ये जात नव्हती. पिन तोडू नका हो. लहान मुलं त्या मखराभोवतीच असतात दिवसभर.

प्रश्न (श्रीवर्धन) : नवीन बंगला बांधतोय, प्लंबिंग सगळं सीपीव्हीसी. कंत्राटदार म्हणतो प्रत्येक नळाला, शॉवरला अर्थ वायर द्यावी लागेल, नियम आहे. खर्च बराच सांगतोय.

उत्तर : प्लॅस्टिकच्या पाइपाच्या टोकाला बसवलेल्या पितळी नळाला वायर द्यायची गरज नाही. तो बाहेरून व्होल्टेज आणूच शकत नाही, उलट त्याला अर्थ जोडून तुम्ही न्हाणीघरात हात लावायला एक अर्थ केलेली जागा वाढवता. पैसे वाचवा. ते इकडे खर्च करा : बोअरच्या किंवा विहिरीच्या पंपाकडून येणारा पाइप लोखंडी असेल तर घरात शिरतो तिथे बाँडिंग, गच्चीवरच्या सोलर हीटरची टाकी आणि तिचा सांगाडा (बॅकअप कॉइल असेल तर तिला अर्थ हवीच), धातूची गॅसलाइन घेणार असाल तर ती आत येते तिथे बाँडिंग, आणि पायाच्या सळ्या. पाया अजून भरला नसेल तर एक सळई वेल्ड करून टोक बाहेर काढून ठेवा आणि पुढे अर्थ पट्टीला जोडा, नंतर हे करता येत नाही. पायातलं काँक्रीट जमिनीतली ओल धरून ठेवतं, त्यामुळे पायाच्या सळ्या स्वतःच चांगला इलेक्ट्रोड ठरतात. न्हाणीघराची लोखंडी जाळी-खिडकी वगैरेंच्या मागे लागू नका.

प्रश्न (रत्नागिरी शहर) : फ्लॅटमध्ये आरसीसीबी आहे, पावसाळ्यात दिवसातून दोनदा-तीनदा पडतो, कधी रात्री. इलेक्ट्रिशियन म्हणाला खारी हवा, इथे हे टिकत नाही, काढून टाकू, थेट करून देतो. फ्रिजमधलं सगळं खराब होतं त्यामुळे घरचेही तेच म्हणतायत.

उत्तर : घरच्यांचा वैताग समजतो, मासळी फुकट गेली की कोणाचंही डोकं फिरेल. पण तो पडतोय म्हणजे करंट कुठेतरी गळतोय, पावसात गळती वाढतेय, आणि ते सांगणारा एकच माणूस घरात आहे त्यालाच तुम्ही बाहेर काढताय. शोध असा घ्यायचा. पडला की सगळे एमसीबी खाली करा, आरसीसीबी वर करा, मग एकेक एमसीबी वर. ज्याने पडतो ते सर्किट सापडलं. त्यावरचे सगळे प्लग काढून पुन्हा. आता पडत नसेल तर वस्तूत दोष, पडत असेल तर वायरिंगमध्ये. एमसीबी फक्त फेज तोडतात, न्यूट्रल जोडलेलाच राहतो, म्हणून एखाद्या सर्किटचा न्यूट्रल कुठे अर्थला टेकत असेल तर तो एमसीबी खाली असतानाही आरसीसीबी पडू शकतो, तेव्हा न्यूट्रल सोडवून मेगरने (वायरचं इन्सुलेशन तपासायच्या मीटरने) बघावं लागतं, ते इलेक्ट्रिशियनचं काम.

नेहमीचे गुन्हेगार सांगतो : बाल्कनीतला आणि गच्चीतला बाहेरचा सॉकेट ज्यात पाऊस तिरका येतो, बाहेरच्या भिंतीवरचा दिवा, गीझरची कॉइल, वॉशिंग मशिन, जुना फ्रिज. आणि इन्व्हर्टर. इन्व्हर्टर बसवणारे घाईत त्याचा न्यूट्रल आरसीसीबीच्या आधीच्या न्यूट्रलला जोडतात, मग गेलेला आणि आलेला करंट जुळतच नाही आणि तो पडत राहतो, गळती नसताना. रात्री पडतो म्हणालात म्हणून हे आधी तपासा, लाइट जाऊन आल्याबरोबर पडतो का बघा.

सगळं तपासूनही थोडी थोडी गळती मिळून बेरीज होत असेल, कॉम्प्युटर, टीव्ही, एलईडी ड्रायव्हर प्रत्येक जण थोडा सोडतोच, तर घराचे दोन भाग करून दोन आरसीसीबी लावा. फ्रिजला वेगळा आरसीबीओ (आरसीसीबी आणि एमसीबी एकातच), म्हणजे गीझरच्या पापाने फ्रिज बंद पडणार नाही. खर्च आहे, पण थेट करून घेण्यापेक्षा मी शंभर वेळा हाच रस्ता सांगेन. डबा मात्र झाकणाचा, रबरी कडेचा घ्या, आणि समुद्राकडच्या भिंतीवर लावू नका, खाऱ्या हवेबद्दल तुमचा इलेक्ट्रिशियन एवढं मात्र खरं बोलला.

प्रश्न (कुडाळ) : आये म्हणता, कपडे वाळत घालूच्या तारेक हात लावलंय काय चावता. तार लोखंडी हा, एक टोक पडवीच्या पत्र्याच्या खांबाक, दुसरा माडाक. लायटीचो तेच्याशी संबंध काय?

उत्तर : संबंध खांबाशी आहे. मीटरकडे येणारी सर्व्हिस वायर पडवीच्या पत्र्यावरून किंवा त्या खांबाला टेकून आलीय का बघा, बहुतेक आलीच असेल. वाऱ्याने वर्षानुवर्षं घासून तिचं वरचं आवरण जातं, ओल्या पत्र्याला फेज लागतो, पत्र्यातून खांबाला, खांबातून तारेला. आईला ओले कपडे घेऊन तिथे जाऊ देऊ नका, आजपासूनच, पत्र्याला आणि खांबालाही कोणी हात लावायचा नाही. घरातला मेन बंद करून इथे उपयोग नाही, कारण ही वायर मेनच्या आधीची आहे, तुमचा आरसीसीबीसुद्धा तिला पाडणार नाही. महावितरणला कळवा आणि लाइन पोलवरून बंद करून घेतल्याशिवाय कोणी शिडी लावू नका. वायर बदलून, पत्र्यापासून वर उचलून, इन्सुलेटरवर घ्यायला सांगा. पत्र्याचा सांगाडा नंतर घराच्या अर्थला जोडून घ्या. आणि कपड्यांना नायलॉनची दोरी बांधा, बाजारात पन्नास-साठ रुपयांना मिळते.